पैसे कोण देतंय आणि कशाचे देतंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही चार वर्षांपासून शिलाई मशीनच्या दुरुस्तीवर साइट चालवताय. दोनशेच्या आसपास लेख झालेत, महिन्याला तीस हजारांच्या घरात पेजव्ह्यू येतात, पण होस्टिंग आणि डोमेनचा खर्च अजून खिशातूनच जातो. इनबॉक्समध्ये रोज कुणीतरी ‘आमचा लेख छापा, पैसे देतो’ म्हणत असतं. मागच्या वर्षी असे दोन लेख घेतलेत आणि तेव्हापासून मनाला खुपतंय. वाचकाला न फसवता साइटमधून पैसे मिळतात का, आणि मिळत असतील तर सुरुवात कुठून करायची?

मिळतात. रातोरात नाही, ढीगभर नाही, पण मिळतात. मी चौदा वर्षं स्वतःच्या दोन साइट चालवतोय, शिवाय इतरांच्या साइटवरच्या जाहिरातींचे हिशेब बघतो, त्यामुळे या धंद्यातल्या बहुतेक चुका स्वतःच्या हाताने करून झाल्यात. त्यातून एक सवय लागली. कमाईची कुठलीही नवी वाट समोर आली की आधी विचारतो: पैसे कोण देतंय आणि कशाचे देतंय? मग बघतो, की याचं खरं उत्तर त्याच पानावर, वाचकाच्या नजरेला पडेल अशा जागी लिहिलं तर ती कमाई टिकेल का. टिकणार असेल तर बिनधास्त करा. लिहिल्याबरोबर बंद पडणार असेल तर ती वाचकाला माहीत नसण्यावरच चालली आहे.

२०१७ च्या सप्टेंबरात कॉइनहाइव्ह नावाची सेवा आली होती. साइटवर तिची स्क्रिप्ट टाकली की पान उघडं असेपर्यंत वाचकाच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर मोनेरो हे आभासी चलन काढायच्या कामाला जुंपला जायचा आणि साइटमालकाला त्यातला वाटा मिळायचा. ‘जाहिराती नको असतील तर तुमचा थोडा प्रोसेसर वापरू का?’ असं विचारून केलं असतं तर मला त्यात काही वावगं वाटलं नसतं. बहुतेकांनी विचारलंच नाही. लोकांच्या लॅपटॉपचे पंखे घरघरायला लागले, अँटीव्हायरसवाल्यांनी स्क्रिप्ट अडवायला सुरुवात केली, मोनेरोचा भावही पडला, आणि मार्च २०१९ मध्ये सेवा बंद झाली. कल्पना वाईट नव्हती, पण ती गुपचूप वापरली गेली.

आता तुमच्या इनबॉक्सकडे येऊ. त्या पत्रांमध्ये तीन गोष्टी शोधा: ‘डू-फॉलो’ (म्हणजे गूगलने शिफारस म्हणून धरावी अशी लिंक), ‘परमनंट’ आणि ‘स्पॉन्सर्ड असा टॅग नको’. तिन्ही सापडल्या की समजायचं, या माणसाला तुमच्या वाचकाशी काही घेणंदेणं नाही. बॉबिन अडकली म्हणून तुमच्याकडे आलेल्या माणसाने त्याच्या कर्जाच्या किंवा जुगाराच्या पानावर जावं, अशी त्याची अपेक्षाच नसते. तो विकत घेतोय ती गूगलच्या लेखी असलेली तुमची पत. चार वर्षं राबून जी पत उभी केली ती त्याच्या पानाकडे वळवायची आणि वळवल्याचं कुणाला कळू द्यायचं नाही, असा तो सौदा आहे. पैसे घेतल्याचं पानावर लिहितो म्हटलं की हा गिऱ्हाईक पळतो.

पैसे घेऊन लिंक देणं मुळात वाईट नाही. जाहिरातीतही लिंकच असते. गूगलचं म्हणणं एवढंच आहे, की तशी लिंक खूण करून द्या. २००५ पासून त्यासाठी ‘नोफॉलो’, म्हणजे ‘ही लिंक शिफारस धरू नका’ अशी खूण, होतं, सप्टेंबर २०१९ मध्ये पैसे घेऊन दिलेल्या लिंकांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ अशी वेगळी खूण आली. लिंकच्या कोडमध्ये ‘रेल’ नावाचा जो गुणधर्म असतो त्यात हा एक शब्द लिहायचा असतो. हा शब्द टाळल्याचा फटका भल्याभल्यांना बसलाय. फेब्रुवारी २०१३ मध्ये फुलं घरपोच देणारी ब्रिटनची इंटरफ्लोरा वर्तमानपत्रांच्या साइटवरच्या प्रायोजित लेखांच्या प्रकरणात काही दिवस गूगलमध्ये स्वतःच्या नावाने शोधूनही सापडत नव्हती. मार्च २०२४ मध्ये गूगलने आणखी एक नियम आणला: नावाजलेल्या साइटच्या नावलौकिकावर तिऱ्हाइताचा मजकूर चढवून तो शोधात वर आणणं, हाच गैरवापर धरला जाईल. ‘गेस्ट पोस्ट’चा, म्हणजे बाहेरच्याने लिहून दिलेल्या अशा लेखांचा, अर्धा धंदा त्यात बसतो.

मी स्वतः हे केलंय, म्हणून सांगतो. पाचव्या की सहाव्या वर्षी तीन लेख घेतले. पैसे वेळेवर आले, लेखही तसे निरुपद्रवी होते, गाद्या कशा निवडाव्यात वगैरे. पहिलं पत्र आलं ते एका जुन्या वाचकाचं: ‘हा तुम्ही लिहिलेला वाटत नाही.’ एवढंच. त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. वर्षभराने सहज म्हणून त्या लिंका उघडून बघितल्या, तर गादीवाल्याचं डोमेन दुसऱ्याच कुणीतरी घेतलेलं होतं आणि माझ्या लेखातून थेट सट्ट्याच्या पानावर जाता येत होतं. मग सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, सूचना आली, की तुमच्या साइटवरून बाहेर जाणाऱ्या लिंका अनैसर्गिक आहेत. लिंका काढल्या, कबुली लिहिली, फेरविचाराचा अर्ज केला आणि वाट बघत बसलो. तोवर जेवढे वाचक गेले त्यांचा हिशेब मांडला तर त्या तीन लेखांचे पैसे त्यात कुठेच दिसत नाहीत.

तेव्हापासून अशा पत्रांना माझं उत्तर ठरलेलं आहे: ‘लेखाच्या वर “जाहिरात” असं ठळक लिहीन, लिंकला स्पॉन्सर्डची खूण लावीन, आणि मुदत संपली की लेख काढीन. चालत असेल तर दर कळवतो.’ बहुतेक परत लिहीत नाहीत. क्वचित एखादा ‘चालेल’ म्हणतो, आणि तो खरा जाहिरातदार निघतो.

जाहिरातींचं गणित आधी नीट समजून घ्या, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि निराश होतात. वेबवरची पहिली बॅनर जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ ला हॉटवायर्ड या साइटवर लागली. ती एटी अँड टी कंपनीची होती. त्या काळी साइटमालक स्वतः जागा विकायचा. २००३ मध्ये गूगलचं अ‍ॅडसेन्स आलं आणि कोडचा एक तुकडा चिकटवला की गिऱ्हाईक शोधायची गरजच उरली नाही. मजकुराशेजारी लागणाऱ्या जाहिरातीच्या पैशातला साधारण ६८ टक्के वाटा साइटमालकाला मिळतो. २०२४ च्या सुरुवातीपासून क्लिकऐवजी जाहिरात दिसण्याचे पैसे मिळू लागलेत. खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत रक्कम हातात पडत नाही.

हजार पेजव्ह्यूमागे किती मिळाले, या आकड्याला आरपीएम म्हणतात. समजा तुमचा आरपीएम एक डॉलर आहे. तीस हजारांवर महिन्याला तीस डॉलर झाले, म्हणजे पैसे चौथ्या महिन्याला सुटतील. आरपीएम कमी-जास्त होतो तो विषयावर, वाचक कुठल्या देशातला आहे त्यावर आणि वर्षातल्या हंगामावर. विमा किंवा कर्ज या विषयांवर जाहिरातदार एकमेकांवर चढाओढ करतात, बॉबिनवर नाही करत. त्यामुळे अ‍ॅडसेन्सने होस्टिंगचा खर्च सुटेल अशी अपेक्षा ठेवा, घर चालायची नको. हे पटलं नाही की माणूस एका जाहिरातीच्या दोन करतो, दोनाच्या पाच, मग खाली चिकटून राहणारी पट्टी, मग आवाजासकट आपोआप सुरू होणारा व्हिडिओ. मी अशी साइट बघितली आहे जिथे परिच्छेद शोधावा लागायचा.

तुमचा वाचक कोण आहे ते डोळ्यांसमोर आणा. मशीन उघडलेलं आहे, एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हाताचा तेलकट अंगठा मोबाइलवर. तो चौथी पायरी वाचतोय, ‘डावीकडचा स्क्रू पाव फेरा सैल करा’. तेवढ्यात वर कुठेतरी उशिरा लोड झालेली जाहिरात जागा घेते, सगळं पान खाली सरकतं आणि त्याचा अंगठा भलत्याच ठिकाणी पडतो. जाहिरातदाराला निरुपयोगी क्लिक मिळाला, तुम्हाला वाचकाची शिवी. उपाय पाच मिनिटांचा आहे: जिथे ३०० बाय २५० ची जाहिरात येणार आहे त्या खोक्याला सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, आधीच २५० पिक्सेलची उंची देऊन ठेवा. जाहिरात उशिरा येवो किंवा न येवो, मजकूर हलत नाही. गूगल हे सरकणं मोजतं, आणि ०.१ पर्यंतचा आकडा चांगला मानतं. तुमचा किती येतो ते सर्च कन्सोलमध्ये दिसेल.

किती जाहिराती जास्त, याचं एक मोजमापही उपलब्ध आहे. जाहिरातदार आणि माध्यम कंपन्यांच्या ‘कोअ‍ॅलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स’ने वाचकांना सर्वांत जास्त चिडवणाऱ्या जाहिरातींचे प्रकार ठरवले आणि १५ फेब्रुवारी २०१८ पासून क्रोम ब्राउझर ते प्रकार वारंवार दाखवणाऱ्या साइटवरच्या जाहिराती अडवू लागला. त्यात पॉप-अप आहेत, आवाजासकट आपोआप वाजणारे व्हिडिओ आहेत, आणि मोबाइलवर मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा खाणाऱ्या जाहिरातीही आहेत. ३० टक्के ही कमाल मर्यादा आहे. मी स्वतः त्याच्या निम्म्यावर थांबतो.

पॉप-अपची एक गंमत सांगतो. नव्वदच्या दशकात ट्रायपॉड या साइटवर काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी त्याचा कोड लिहिला. एका मोठ्या मोटार कंपनीची जाहिरात नको त्या विषयाच्या पानावर लागली, कंपनी हादरली, म्हणून जाहिरात पानापासून वेगळी दिसावी यासाठी ती स्वतंत्र खिडकीत टाकली. म्हणजे हेतू चांगलाच होता. पुढे २०१४ मध्ये त्यांनी जाहीर लेख लिहून लोकांची माफी मागितली.

जाहिराती लावल्याच तर एक गोष्ट रोजच्या रोज बघा: तुमच्या पीडीएफच्या लिंकजवळ ‘डाउनलोड’ असं लिहिलेलं हिरवं बटण असलेली जाहिरात तर येत नाही ना. अ‍ॅडसेन्समध्ये अशा जाहिराती एकेक करून बंद करता येतात आणि पूर्ण वर्गही बंद करता येतो. थोडं उत्पन्न घटेल, घटू द्या. स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक करायचं नाही, भावाला-मित्राला करायला सांगायचं नाही, आणि ‘दहा हजार व्हिजिटर देतो’ म्हणणाऱ्याकडून ट्रॅफिक विकत घ्यायचं नाही. तिथे फसतो तो जाहिरातदार, आणि तोही माणूसच आहे, हे साइटमालक फार सहज विसरतात. अमेरिकेतल्या जाहिरातदारांच्या एएनए या संघटनेने २०२३ मध्ये तपासलं तेव्हा तपासलेल्या जाहिरातींपैकी २१ टक्के, आणि खर्चापैकी १५ टक्के, निव्वळ जाहिराती दाखवण्यासाठीच उभ्या केलेल्या साइटवर गेल्याचं निघालं. त्या पैशातला एक भाग खरं म्हणजे तुमच्यासारख्यांकडे यायला हवा होता.

आता अफिलिएट लिंका. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या विषयात यात एक आडवळणाचा खड्डा आहे.

पद्धत जुनी आहे, अ‍ॅमेझॉनने ती १९९६ मध्ये सुरू केली. तुमच्या लिंकवरून कुणी गेला आणि ठरावीक वेळात, अ‍ॅमेझॉनच्या बाबतीत सहसा २४ तासांत, काही घेतलं तर तुम्हाला कमिशन मिळतं. वाचकाला जास्त पैसे पडत नाहीत. पैसे विक्रेता देतो, गिऱ्हाईक आणून दिल्याचे. हे उत्तर पानावर निर्धास्त लिहिता येतं आणि लिहायलाच हवं. कुठे? पहिल्या लिंकच्या आधी. तळटीपेत नाही, ‘आमच्याविषयी’च्या पानावर नाही. ‘या लेखातल्या काही लिंकांवरून खरेदी झाली तर मला कमिशन मिळतं’ इतकं साधं वाक्य पुरतं. अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या एफटीसी या सरकारी संस्थेची अपेक्षाही हीच आहे, की खुलासा वाचकाच्या नजरेतून सुटता कामा नये. खोटे अभिप्राय लिहिणं-विकणं यावर त्याच संस्थेचा वेगळा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालाय. आणि वाचकाने लिंकवर क्लिक केलेलं नसताना त्याच्या ब्राउझरमध्ये गुपचूप कुकी, म्हणजे तो तुमच्याकडून आल्याची खोटी नोंद, घुसवून कमिशन लाटणं हा तर सरळ गुन्हा आहे. ईबेच्या योजनेत असं करणाऱ्या दोन बड्या अफिलिएटना २०१४ मध्ये अमेरिकेत तुरुंगवासाची शिक्षा झाली.

आता खड्डा. तुमची साइट दुरुस्तीची आहे. सुईच्या पाकिटावर मिळणारं कमिशन नगण्य, नव्या मशीनवर मिळणारं घसघशीत. म्हणजे वाचकाची दुरुस्ती जमली तर तुम्हाला जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि दुरुस्ती फसून त्याने कंटाळून नवं मशीन घेतलं तर चांगले पैसे मिळतात. तुम्ही मुद्दाम वाईट लिहाल असं मी म्हणत नाही. पण सहा महिन्यांनी तुमच्या लेखांमध्ये ‘हे घरी करणं अवघड आहे, त्यापेक्षा…’ हे वाक्य वाढलेलं दिसेल. माझ्या बाबतीत झालंय. खोटं एकही लिहिलं नव्हतं, फक्त कल बदलला होता, आणि तो मला नाही, कमिशनचे आकडे दाखवणाऱ्या डॅशबोर्डला आधी कळला होता.

यावर माझा तोडगा असा. दुरुस्तीच्या लेखात नव्या यंत्राची लिंक नाही, म्हणजे नाही. लिंक फक्त त्या दुरुस्तीला लागणाऱ्या वस्तूची. नवं काय घ्यावं हा विषय वेगळ्या लेखात, आणि तो लेख पूर्ण लिहून झाल्यावरच कुठे किती कमिशन आहे ते बघायचं. मोठ्या प्रमाणावर हेच करून दाखवलेलं उदाहरण म्हणजे वायरकटर. २०११ मध्ये सुरू झालेली ही साइट शिफारशी आणि अफिलिएट लिंकांवर चालली, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ती सुमारे ३ कोटी डॉलरला घेतली. वस्तू निवडणाऱ्यांना व्यवहाराची बाजू माहीत नसते, असं ते सांगतात. एकट्या माणसाला दोन खोल्यांत बसता येत नाही, पण आधी लिहायचं आणि मग दर बघायचा हे जमतं.

एक छोटा नमुना देतो. टाके सुटतात या तक्रारीवर बरेच लेख ‘चांगल्या दर्जाची सुई घ्या’ म्हणून लिंक देऊन मोकळे होतात. त्याऐवजी असं लिहा: ‘आधी असलेली सुई काढून सपाट काचेवर ठेवा. टोकाकडे फट एकसारखी दिसत नसेल तर सुई वाकलीय. सरळ असेल तर ती उलटी बसवली नाही ना ते बघा. दोन्ही ठीक असेल तर नवी घेण्याआधी थांबा, दोष बहुधा दुसरीकडे आहे. घ्यायचीच झाली तर बहुतेक घरगुती मशीनना चपट्या दांड्याची १३०/७०५ एच लागते. कारखान्यातल्या मशीनची गोल दांड्याची डीबी बाय १ बसणार नाही, स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.’ यात तीन ठिकाणी तुम्ही खरेदी लांबवलीत. तरी ज्याला खरंच सुई हवी आहे तो तुमच्याच लिंकवरून घेईल, आणि परत येईल. बॉबिनचंही तेच. क्लास १५ आणि क्लास ६६ या बॉबिन नवख्याला एकसारख्याच वाटतात, पण एक सपाट असते आणि दुसरी किंचित फुगीर. चुकीची घालून दोरा गुंतवणारे खूप. कुठल्या मॉडेलला कुठली, असा नीट तपासलेला तक्ता केलात तर ‘सर्वोत्तम दहा मशीन’ छापाच्या दहा लेखांपेक्षा तो एक तक्ता जास्त कमावेल, असा माझा अंदाज आहे. कारण तो वाचणारा बॉबिन घ्यायलाच निघालेला असतो.

थेट स्पॉन्सर हा प्रकार छोट्या साइटवाल्यांना उगाच मोठ्यांचा वाटतो. जॉन ग्रूबर यांची डेअरिंग फायरबॉल ही साइट एकट्या माणसाची आहे, आणि ती बऱ्याच वर्षांपासून आठवड्याला एक स्पॉन्सर या पद्धतीने जागा विकते. वर नाव, एक आभाराचा परिच्छेद, बास. तुमच्याकडे तीस हजार पेजव्ह्यू आहेत, पण ते सगळे शिलाई मशीनवालेच आहेत. सुटे भाग विकणारा, दोरा बनवणारा, शिवणकाम शिकवणारा, यांच्या दृष्टीने ते गावभर वाटलेल्या तीन लाख पत्रकांपेक्षा कामाचे आहेत.

त्यासाठी एक पान करा. त्यात गेल्या तीन महिन्यांचे खरे आकडे द्या, पेजव्ह्यू वेगळे आणि माणसं वेगळी, कारण लोक ही गल्लत सोयीने करतात. महिन्याचा एकच ठोक दर सांगा, क्लिकची हमी देऊ नका. आणि दोन अटी लेखी ठेवा: जागेवर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असेल, आणि लेखांत काय लिहायचं ते मीच ठरवीन. दुसरी अट कधी कामाला येते? माझ्याकडे एका स्पॉन्सरने तिसऱ्या महिन्यात फोन करून अगदी गोडीत सांगितलं, की त्यांच्या एका वस्तूबद्दलचं दोन वर्षांपूर्वीचं एक वाक्य ‘जरा सौम्य’ करता आलं तर बरं. वाक्य खरं होतं. मी अट दाखवली, त्यांनी पुढचा महिना घेतला नाही. लेखी नसतं तर मी काय केलं असतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आणि आता ज्याने खरं तर सुरुवात करायला हवी होती ते: स्वतःचं काहीतरी विकणं. इथे पैसे वाचक देतो, वस्तूचे देतो, मधे कुणी नाही. खुलासा करायला काही उरतच नाही. काय विकायचं ते शोधायला दोन जागा आहेत. एक सर्च कन्सोल, जिथे लोक नेमकं काय टाइप करून तुमच्याकडे येतात ते दिसतं. दुसरी तुमचा इनबॉक्स, ती गेस्ट पोस्टवाली पत्रं बाजूला केल्यावर उरणारा. एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला की ती वस्तू आहे. उदाहरणार्थ, मशीनचा आवाज ऐकून दोष ओळखायचा तक्ता, छापून मशीनशेजारी भिंतीवर लावता येईल असा. किंवा अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल: मशीन कॅमेऱ्यासमोर ठेवा, मी बघतो.

समजा हा तक्ता तीन डॉलरला ठेवलात आणि हजार पेजव्ह्यूमागे एकानेच घेतला. तरी महिन्याला तीस प्रती, म्हणजे नव्वद डॉलर. मघाच्या जाहिरातींच्या तिप्पट, आणि पानावर एकही जाहिरात न लावता. पेमेंट गेटवे थोडं कापून घेईल, करही भरावा लागेल. हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. पण दोन गोष्टी करू नका. आज फुकट असलेले लेख उद्या कुलपात टाकू नका; त्यांच्या भरवशावर लोक आलेत. विकायचं ते नवं असू द्या. आणि विक्रीच्या पानावर ‘सवलत संपायला ९ मिनिटं’ असं घड्याळ लावू नका, पान रिफ्रेश केलं की ते पुन्हा ९ वर येतं हे आता सगळ्यांना माहीत झालंय. ज्याला आवडलं नाही त्याला न विचारता पैसे परत द्या. फार थोडे मागतात.

सदस्यत्वाबद्दल थोडक्यात. बेन थॉम्पसन यांनी २०१४ मध्ये स्ट्रॅटेकरी या आपल्या तंत्रज्ञानविषयक साइटवर ते यशस्वी करून दाखवलं, पुढे सबस्टॅकसारख्या सेवा आल्या ज्या वर्गणीतला १० टक्के वाटा घेतात. पण सदस्यत्व म्हणजे दर आठवड्याचं देणं. आजारी पडलात तरी देणं. दुरुस्तीच्या साइटवर वाचक मशीन बिघडल्यावर येतो, दर आठवड्याला नाही. तुमच्यासाठी मला ते जमणारं वाटत नाही. पुढेमागे केलंच तर वर्गणी बंद करणं सुरू करण्याइतकंच सोपं ठेवा. देणगीची एक ओळ मात्र जरूर ठेवा, आणि ती लेखाच्या अगदी शेवटी, ‘आता हाताने चाक फिरवून बघा, टाका सरळ पडला पाहिजे’ या वाक्याच्या खाली. मशीन चालू झालेलं असतं, माणूस खुशीत असतो. ‘या साइटचं होस्टिंग वाचकांच्या मदतीवर चालतं’ असं लिहाल तर ते खरं असू द्या.

वाचकांचे ईमेल पत्ते कुणाला भाड्याने देऊ नका, यावर जास्त लिहीत नाही. ट्रॅकिंगच्या स्क्रिप्ट जेवढ्या कमी तेवढं बरं. वाचक कुठूनही येतात, त्यामुळे युरोपचा मे २०१८ पासूनचा जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा तुमच्याही दाराशी येतोच. यंत्राकडून शेकडो लेख लिहून घेऊन पेजव्ह्यू वाढवण्याचा मोह होईल. गूगलने मार्च २०२४ च्याच नियमांत त्यालाही गैरवापर म्हटलंय. तेही सोडा, चुकीचा स्क्रू सैल करायला सांगणारा एक लेख तुमची चार वर्षं पुसून टाकेल.

राहिले मागच्या वर्षीचे ते दोन लेख. ते आज उघडा आणि आधी लिंका कुठे जातात ते स्वतः क्लिक करून बघा. मी सांगितलं तसं पलीकडचं पान बदललेलं असू शकतं. दोन्ही लिंकांना ‘स्पॉन्सर्ड’ची खूण लावा, लेखाच्या वर ‘हा लेख पैसे घेऊन छापला आहे’ असं तारखेसह लिहा. मग ज्याने पैसे दिले त्याला साधं पत्र पाठवा: मी असा बदल केलाय, तुम्हाला मान्य नसेल तर लेख काढतो. तो चिडेल, करार दाखवेल, ‘परमनंट ठरलं होतं’ म्हणेल. उरलेल्या काळाचे पैसे मागितले तर देऊन टाका. तक्त्याच्या पहिल्या महिन्याच्या विक्रीतून बहुधा ते फिटतील.